सोसायट्या वेगळ्या ठेवाव्या की एकच फेडरेशन करावं? (लांबण आहे)

कॉलनीकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय, शेवटी लिहायलाच बसलो, चहा घेऊन वाचा.

आमची कॉलनी म्हाडाची, पूर्व उपनगरात, जुनी. तळ अधिक तीन मजले, प्रत्येक बिल्डिंगची वेगळी सोसायटी, वेगळं रजिस्ट्रेशन, वेगळे अध्यक्ष-सेक्रेटरी-खजिनदार आणि अर्थात वेगळे रुसवेफुगवे. रीडेव्हलपमेंटचं वारं सुटल्यापासून सरळ दोन तट पडलेत. एक म्हणतो सगळ्या सोसायट्यांचं फेडरेशन करा, एकच बिल्डर आणा, पाणी-गटार-सिक्युरिटी-मैदान सगळं फेडरेशनच्या ताब्यात द्या, म्हणजे म्हाडात गेलं की आपल्या वतीने एकच तोंड बोलेल आणि बिल्डर एकेका बिल्डिंगला वेगवेगळं गाठून खेळवणार नाही. दुसरा म्हणतो आमचं आम्ही बघू, आमच्याकडे सगळे सगळ्यांना नावाने ओळखतात, जिन्यात भेटलं की काम होतं, उद्या फेडरेशन झालं की कॉलनीच्या त्या टोकाचा कोणीतरी येऊन आमच्या गच्चीचं ठरवणार.

मला दोन्हीकडचं अर्धं अर्धं पटतं. कारण पाणी.

आमच्या तीन बिल्डिंगना मिळून एक सक्शन टाकी आहे. पहाटे महापालिकेचा चावीवाला रस्त्यावरचा व्हॉल्व्ह फिरवतो, टाकीत पाणी पडायला लागतं, मग आमचा पंप चालू करायचा आणि एकेका बिल्डिंगच्या गच्चीवरच्या टाकीची लाईन उघडायची. पंपरूमची किल्ली पूर्वीपासून एका बिल्डिंगकडे. कुठल्या ठरावात लिहिलेलं नाही, पंप त्यांच्या जिन्याजवळ म्हणून किल्ली त्यांच्या खुंटीला, एवढंच. एरवी काही बिघडत नाही. मे महिन्यात पाणीकपात लागली की मात्र पहिली लाईन त्यांची उघडते, मग मधल्यांची, आणि शेवटच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर नळातून नुसती हवा येते. विचारायला गेलं की ‘आम्ही काय मुद्दाम करतो का?’ मुद्दाम करत नाहीत हे खरंच आहे. ज्याच्या घरी किल्ली त्याची टाकी आधी भरते.

म्हणजे कागदावर आम्ही एकदम विकेंद्रित, कोणी कोणाचा साहेब नाही, आणि तरी अख्ख्या तीन बिल्डिंगांची सत्ता एका खुंटीला. तक्रार करायची तर कोणाकडे, कारण तीन सोसायट्यांच्या वर कोणी नाहीच. उलट फेडरेशन झालं तर निदान जाब विचारायला एक टेबल असेल, पण मग त्या टेबलामागे जो बसेल त्याला उठवणार कोण?

तुमच्याकडे काय अनुभव? फक्त सोसायटीचंच नाही, मंडळ, युनियन, गावकी, कुठलाही चालेल.

बिनकामाचा सेक्रेटरी

फेडरेशन करू नका. करू नका. करू नका.

आमचं कॉम्प्लेक्स पश्चिम उपनगरात, बिल्डरने आधी बिल्डिंगवार सोसायट्या करून दिल्या आणि वर अपेक्स बॉडी, म्हणजे सगळ्या सोसायट्यांची मिळून एक वरची संस्था. कागदावर झकास. प्रत्येक बिल्डिंगने एक प्रतिनिधी पाठवायचा. आता प्रतिनिधी म्हणून जातो कोण, तर ज्याला घरी कोणी विचारत नाही तो, आणि तोही दोन मीटिंगनंतर जायचा बंद होतो, कारण मीटिंगमध्ये लिफ्टच्या एएमसीचं (वर्षाच्या देखभाल कराराचं) कोटेशन वाचण्यापलीकडे काही नसतं. उरतात तीन-चार जण. सभा बोलावली, गणपूर्ती नाही, अर्धा तास तहकूब, अर्ध्या तासाने त्याच खुर्च्यांवर तीच माणसं, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही असं उपविधीच सांगतो, त्यामुळे त्या चौघांनी घेतलेला निर्णय शेकडो घरांवर लागू. यात बेकायदेशीर काही नाही बरं का, सगळं नियमात.

माझ्या बिल्डिंगमध्ये असलं काही केलं असतं तर दुसऱ्या दिवशी दूध घ्यायला खाली उतरल्यावर चार जणांनी धरलं असतं. वरच्या बॉडीला धरायला कोणी जात नाही, ती कुठे बसते तेच माहीत नसतं.

ठाकुरद्वारचा_पिंट्या

+१ आणि वाचनखूण. आमच्या चाळीतही अशीच कुस्ती चालू आहे, वाचतोय.

सीए_काकू

सगळे सत्ता सत्ता करताय, मला एकच सांगा, चेकवर सह्या कोणाच्या?

मी बऱ्याच सोसायट्यांची ऑडिटं बघते. फेडरेशन बिघडतात ती माणसं वाईट म्हणून नाही, तर पैसे वर गेले आणि हिशेब खाली आला नाही म्हणून. त्यामुळे कॉलनीकर, तुमच्या वादात ‘एक की अनेक’ हा प्रश्न नंतर घ्या. आधी बाबवार लिहून काढा कुठला पैसा कुणाच्या खात्यात राहणार. सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या बांधकामासाठी साठवायचा पैसा) आणि दुरुस्ती फंड हे बिल्डिंगचेच, ते वर पाठवायचेच नाहीत (उपविधीप्रमाणे फ्लॅटच्या बांधकाम खर्चावर वर्षाला निदान ०.२५ आणि ०.७५ टक्के, ते तुमच्या बिल्डिंगच्या कॉलम-बीमसाठी आहेत, शेजारच्यांच्या गेटला ग्रॅनाइट लावायला नाहीत). वर पाठवायचा तो फक्त ठरलेल्या बाबींचा पैसा, म्हणजे पंपाचं वीजबिल, वॉचमन, रस्त्यावरचे दिवे, आणि तोही वर्षाचं अंदाजपत्रक खालच्या सभांनी पास केल्यावर.

दुसरं, फेडरेशनमध्ये मत बिल्डिंगला एक की फ्लॅटला एक? हे आधी ठरवलं नाहीत तर पुढची दहा वर्षं यावरच भांडाल. बिल्डिंगला एक म्हटलं की सोळा घरांची बिल्डिंग चाळीस घरांच्या बिल्डिंगएवढी होते. फ्लॅटला एक म्हटलं की दोन मोठ्या बिल्डिंगा मिळून बाकीच्यांना कायम गप्प बसवतात.

लोअरपरळी

काकूंचा सह्यांचा मुद्दा लाख मोलाचा. मी थोडं मागे जातो, आमच्या गिरणगावात हा प्रयोग आधीच होऊन गेलाय आणि तोही दोन्ही बाजूंनी.

१९४६ चा बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स ॲक्ट. एका भागातल्या एका धंद्यासाठी एकच प्रातिनिधिक युनियन, बोलणी तिनेच करायची. मुंबईच्या कापडगिरण्यांसाठी ती होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कल्पना वाईट नव्हती हो, मालकाला पाच युनियन एकमेकांविरुद्ध खेळवता येऊ नयेत, तुमच्या कॉलनीतल्या पहिल्या गटाचंच म्हणणं. पण १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाखांच्या आसपास कामगार युनियन नेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले तेव्हा काय झालं? माणसं सगळी एकीकडे आणि बोलायचा कायदेशीर हक्क दुसरीकडे. गिरण्यांची गेटं बंद, चाळीत कोणाच्या घरी चूल पेटत नाही, आणि टेबलावर बसायचा अधिकार अशा संघटनेकडे जिच्यावर संपकऱ्यांचा विश्वास उरलेला नाही. तो अधिकार काढून घ्यायची वाट होती, पण इतकी लांब की ती चालता चालता गिरण्याच गेल्या. संप अधिकृतपणे कधी मागेही घेतला गेला नाही.

आता दुसरी बाजू, कारण आमच्याकडे लोक एवढंच सांगून थांबतात. त्या संपात कामगारांच्या बाजूलाही सगळं एका माणसावर होतं. डॉक्टर म्हणतील ते. आमचे आजोबा सामंतांचं नाव घेतलं की आजही नमस्कार करतात, तरी तेच म्हणतात की खात्याखात्यात काय चाललंय, कोण मोडकळीला आलाय हे वर पोचायची सोय नव्हती. याउलट १९२८ चा संप बघा, जवळजवळ सहा महिने चालला, त्या काळात गिरणी कामगार युनियनने गिरणीगिरणीत समित्या उभ्या केल्या होत्या. खात्यातली बातमी वर जायची आणि वरचा निर्णय खाली यायचा तो त्याच समितीतून.

सांगायचं काय, तर एक तोंड असावं, पण ते तोंड बदलायची वाट छोटी असावी. फेडरेशन केलंत तर ‘अमुक एवढ्या सभासदांनी लेखी मागणी केली की इतक्या दिवसांत सभा’ हे घटनेत आधी लिहा, मग बाकीचं.

दादर टीटी

मुंबईत राहून विकेंद्रीकरणावर चर्चा आणि अजून कोणी महापालिकेचं नाव काढलं नाही, कमाल आहे.

आमच्या शहराचा कायदा १८८८ चा. तेव्हापासून कारभाराचे अधिकार आयुक्तांकडे, आयुक्त राज्य सरकार पाठवतं. महापौर मानाचे. १९९८ मध्ये मेयर-इन-कौन्सिल (कारभाराचे अधिकार महापौर आणि त्यांच्या समितीकडे) आणून बघितलं, वर्षभरात गुंडाळलं. मधे ७४ वी घटनादुरुस्ती झाली, १९९३ पासून लागू, तिच्यात लिहिलंय की तीन लाखांवर वस्ती असेल तर प्रभाग समित्या हव्यात. झाल्या की आपल्याकडेही. त्या समितीला किती रकमेपर्यंतची कामं मंजूर करता येतात माहितीये? पाच लाख. आणि २०२५-२६ चं महापालिकेचं बजेट ७४,४२७ कोटी. पाच लाखात आमच्या गल्लीतलं गटारसुद्धा धड होत नाही. २००९ मध्ये क्षेत्रसभेची तरतूदही कायद्यात आली, म्हणजे मतदारांनी थेट बसून वॉर्डातलं ठरवायचं. या धाग्यावर कोणी कधी क्षेत्रसभेला बसलंय का? हात वर करा.

मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली ती जानेवारी २०२६ ला निवडणूक होईपर्यंत शहर प्रशासक चालवत होते. स्थायी समितीचं कामही तेच, सभागृहाचंही तेच. प्रस्ताव मांडणारे साहेब आणि मंजूर करणारेही तेच साहेब! आणि खरं सांगू, बहुतेक लोकांना फरकच कळला नाही. याचंच मला जास्त वाईट वाटतं. नगरसेवकाकडे आपण जात होतो ते दाखल्यावर सही आणि गटाराचं झाकण यासाठी, अधिकार त्याच्याकडे नव्हताच, मग तो गेल्याचं कळणार कसं?

एएलएमचंही (ॲडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट, गल्लीगल्लीतले नागरिकांचे गट) तसंच. घाटकोपरच्या जोशी लेनपासून सुरुवात झाली नव्वदच्या दशकात, नागरिकांनी आपल्या गल्लीचा कचरा वेगळा करायचा, खत करायचं, वॉर्ड ऑफिसने साथ द्यायची. उत्तम कल्पना, काही ठिकाणी जीव तोडून चालवतात लोक. पण काम खाली आलं, पैसा आणि सही वरच राहिली. काम वाटणं आणि अधिकार वाटणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आगाऊ_मुलगी

सगळ्या काकालोकांची माफी मागून. तुम्ही ‘खाली’ अधिकार द्यायचा म्हणता तेव्हा खाली कोण उभं आहे ते तर बघा.

मी भाड्याने राहते. घर शोधताना ज्या छोट्या छोट्या, सगळे सगळ्यांना ओळखणाऱ्या, जिन्यात भेटलं की काम होणाऱ्या सोसायट्या लागल्या ना, तिथेच सगळ्यात जास्त ऐकून घेतलं. एकटी मुलगी नको, आडनाव काय, मच्छी खाता का, रात्री किती वाजता येता. कुठल्याही कायद्यात हे नाही. कमिटीतल्या तिघांना वाटलं म्हणून नियम. मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये निदान ॲप वर पोलीस व्हेरिफिकेशनचा कागद चढवला की कोणाला माझ्या जेवणाशी घेणंदेणं नसतं.

४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेबांनी हेच सांगितलं होतं, सगळे खेड्याचे गोडवे गात असताना. मसुद्यात खेडं हा घटक धरला नाही, व्यक्ती हा घटक धरला याचा आनंद आहे असं ते म्हणाले. ज्याला गावकीने वेशीबाहेर ठेवलं त्याला गावकीच्या हातात सत्ता म्हणजे काय ते बरोबर कळतं. त्याला लांबचं कोर्ट, लांबचं सरकार जवळचं वाटतं.

आणि हो, महिला राखीव जागा. आमच्या मालकिणीच्या सोसायटीत दोन महिला सदस्य आहेत, मीटिंगला दोघींचे नवरे जातात.

बिनकामाचा सेक्रेटरी

@आगाऊ_मुलगी, मुद्दा मान्य, पण ॲपवाल्या कॉम्प्लेक्समध्ये गेटवर घरकाम करणाऱ्या बाईंच्या पिशव्या तपासतात तो नियम कोणी केला? वरच्याच बॉडीने. आमच्याकडे एका मीटिंगमध्ये पास झाला, विरोधात बोलायला बाईंना मतच नाही.

आगाऊ_मुलगी

अगदी. म्हणजे मोठं-छोटं हा प्रश्नच नाही, ज्याच्यावर नियम पडणार त्याला दाद मागायला दुसरं दार आहे का हा आहे. सभासदाला सहकार खात्याचा उपनिबंधक आहे, त्यांना नाही, मला नाही.

मावळ_एक्सप्रेस

आमच्या घरात दोन पिढ्या डबेवाले, म्हणून लिहितोय. हार्वर्डवाले येऊन गेले वगैरे सगळ्यांना पाठ आहे, पण कारभार कसा चालतो ते कोणी विचारत नाही.

१८९० पासूनचा धंदा, ट्रस्ट रजिस्टर झाला १९५६ ला. कोविडच्या आधी पाच हजारांच्या आसपास माणूस होता, आता बराच कमी झालाय. पण या सगळ्यांना पगार देणारा मालक कोणी नाही. वीस-पंचवीस जणांची टोळी, तिचा एक मुकादम. गिऱ्हाईक टोळीचं, पैसे टोळीने वसूल करायचे, सायकल-हातगाडी-पासाचा खर्च टोळीचा, उरलं ते टोळीत सारखं वाटून. मुकादमाला जास्त नाही. कोणी आजारी पडला तर त्याची लाईन कोण उचलणार ते टोळीच बघते, ट्रस्टला फोन लावत नाही कोणी.

मग वर काय? वर फार थोडं, पण ते कडक. झाकणावरची खूण सगळ्यांनी एकाच पद्धतीने रंगवायची. कुठल्या स्टेशनवरून डबा निघाला, कुठे उतरवायचा, तिकडे कोणाच्या हातात द्यायचा, कुठली बिल्डिंग, कितवा मजला. अंधेरीच्या टोळीने रंगवलेलं झाकण चर्चगेटला उतरवणाऱ्याला न विचारता वाचता आलं पाहिजे. टोळीला वाटलं म्हणून आपली वेगळी खूण काढायची मुभा नाही. गांधी टोपी, कामावर दारू नाही, गिऱ्हाईक पळवलं तर दंड. दोन टोळ्यांचं भांडण वर. बस.

कॉलनीकरभाऊ, तुमच्या पंपाला ही पद्धत लागू पडते बघा. कुठली लाईन किती वाजता उघडायची हे एकदाच वर ठरवून भिंतीवर रंगवा, आणि उघडायचं काम आलटून पालटून तिन्ही बिल्डिंगचं.

गडचिरोली रिटर्न

उशिरा आलो धाग्यावर. नोकरीनिमित्त काही वर्षं तिकडे होतो म्हणून मेंढा (लेखा) या गडचिरोलीतल्या गावाबद्दल लिहितो. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा सगळ्यांनी ऐकली असेल. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये त्यांना सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, पण बांबूच्या वाहतुकीचे पास द्यायचा अधिकार वनखात्याने सोडला नव्हता. हक्क तुमचा, पास आमचा. तो पास ग्रामसभेच्या हातात आला एप्रिल २०११ ला, आणि खरी सत्ता त्या दिवशी आली. वर काकू सह्यांबद्दल म्हणाल्या ना, तेच.

दुसरी गोष्ट, तिथे ग्रामसभेत बहुमत चालत नाही, सर्वसहमती. एक जण जरी अडला तरी निर्णय पुढच्या सभेला. मला आधी वाटायचं अशाने काही होणारच नाही. पण त्यांच्याकडे सभेच्या आधी अभ्यास गट बसतो, विषय तिथे चघळून झालेला असतो, बाहेरच्या माणसाला बोलावून माहिती घेतात, पण निर्णयाच्या वेळी बाहेरचा नाही. त्यामुळे सभेत येणारा माणूस कोरा नसतो. आपल्याकडे सभेत विषयपत्रिका वाचतानाच पहिल्यांदा विषय कळतो आणि हात वर करायला सांगतात.

लोअरपरळी

मेंढ्याबद्दल आदर आहेच, पण मुंबईत सर्वसहमती? अहो आमच्या बिल्डिंगच्या रंगावर सर्वसहमती होईना, शेवटी ऊन-पावसाने जो रंग दिला तोच ठेवलाय. तिथे सगळ्यांचं पोट एकाच जंगलावर. इथे वरच्या मजल्यावरचा मालक दुबईला, खालच्याकडे पागडी, मधल्याने फ्लॅट गुंतवणूक म्हणून घेतलेला. रीडेव्हलपमेंटला एका नकारावर सगळं अडायला लागलं तर पावसाळ्यात स्लॅब कोणाच्या डोक्यावर पडेल? म्हणून तर ४ जुलै २०१९ च्या जीआरमध्ये ५१ टक्क्यांवर आणलं.

दादर टीटी

आणि वरून ठरवून झालेलंही उदाहरण आहे की आपल्या डोळ्यासमोर. मुंबईतल्या जुन्या सरकारी बीडीडी चाळी. सरकारने ठरवलं, म्हाडाला नेमलं, १६० फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० फुटांचं घर, वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ चाव्या दिल्या. चाळीचाळीत कमिट्यांवर सोडलं असतं तर अजून पन्नास वर्षं बिल्डर कोण यावर बैठका चालल्या असत्या. मी वरच्या प्रतिसादात केंद्रीकरणाला शिव्या घातल्या म्हणून हे लिहिणं भाग आहे.

गडचिरोली रिटर्न

@दादर टीटी, पण जमीन सरकारची होती, आणि तरीही करार, मेंटेनन्स, पार्किंगवर रहिवासी संघटनांनी किती वर्षं भांडून एकेक गोष्ट पदरात पाडून घेतली! ते भांडणारे नसते तर ५०० झाले असते का? ती घरं नुसती वरून पडलेली नाहीत.

वेसावकर

आमच्या वेसाव्यात प्रत्येक गल्लीचा कारभार वेगळा. बाजार गल्ली, डोंगरी गल्ली, मांडवी गल्ली, होळी आपापली, मान आपापला, भांडण झालं तर पहिल्यांदा गल्लीत मिटवायचं. कोणी बाहेरचा येऊन आमची होळी कशी लावायची ते सांगणार नाय. पण १ जूनला मासेमारी बंदी लागते ती सगळ्या किनाऱ्याला. ती गल्लीवर सोडली तर? आमची गल्ली थांबेल, बाजूची बोट काढेल, मग आम्ही पण काढू, आणि अंडी घालणारी मासळी सगळ्यांनी मिळून संपवली. मासळीला गल्ली कळत नाय. तरी पण बंदीच्या तारखा ठरवताना कोळ्याला विचारत नायत तेव्हा राग येतो. पर्ससीन (मोठं वेढा घालणारं जाळं) वाल्यांवर कारवाई वरूनच व्हायला पाहिजे आणि वरूनच होत नाय, आमच्या गल्लीने काय करायचं मग?

तर पाणी ही गोष्ट मासळीसारखी आहे, गच्ची होळीसारखी. वेगळं वेगळं ठेव.

ठाकुरद्वारचा_पिंट्या

वेसावकरभाऊ, कडक.

कॉलनीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल बसून सगळे प्रतिसाद बाबांना वाचून दाखवले, ते वीस वर्षं कमिटीत होते, त्यांचं म्हणणं ‘एवढी चर्चा आपल्या सभेत झाली असती तर प्रश्नच नव्हता’.

माझं आता साधारण असं ठरतंय. एकदम सगळं घेणारं फेडरेशन नको. ज्या गोष्टी भिंतीपलीकडून आपल्या घरात येतात, म्हणजे पाणी, गटार, मधला रस्ता, आणि म्हाडाशी बोलणी, एवढंच वर. गच्ची, जिना, भाडेकरू, गणपती, सिंकिंग फंड, यातलं काही वर जाणार नाही. बोलणी एकत्र करायची पण सही करायचा अधिकार प्रत्येक सोसायटीच्या सभेकडेच, कारण उरलेला एफएसआय (जागेवर किती बांधता येतं ते) म्हाडा प्रो-राटाने, म्हणजे वाट्याच्या प्रमाणात, बिल्डिंगबिल्डिंगला मोजते, वर जाऊन कोणी आमच्या वाट्याचा सौदा परस्पर करू नये. पहिल्या गटाला हे पटणार नाही, ते म्हणतील सही नसेल तर बिल्डर सीरियसली घेणार नाही. म्हणू देत. बिल्डरला एकाच माणसाला खूश करून सगळी कॉलनी मिळत असेल तर तो सीरियस कोणाला घेतोय ते उघड आहे.

मताचा प्रश्न मात्र सुटत नाहीये. काकू, पाण्यासारख्या रोजच्या गोष्टींना बिल्डिंगला एक मत, आणि पैशाच्या मोठ्या निर्णयाला फ्लॅटला एक, असं दुहेरी केलं तर?

सीए_काकू

चालेल, पण ‘मोठा निर्णय’ म्हणजे किती रुपयांपासून ते आकड्यात लिहा. नाहीतर साडेनऊ लाखाचं काम दोन तुकड्यांत करून रोजचं म्हणून दाखवतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. मिनिट्स सात दिवसांत तिन्ही जिन्यांत लागली पाहिजेत, व्हॉट्सॲपवर टाकली म्हणजे झालं असं नाही, आमच्या पिढीतले निम्मे लोक त्या ग्रुपवर म्यूट करून बसलेत. आणि फेडरेशनच्या आधी पाण्याचं वेळापत्रक तिन्ही सोसायट्यांच्या विशेष सभेत ठरावाने पास करून घ्या, पाच दिवसांची नोटीस लागते. त्यासाठी वरच्या बॉडीची वाट बघायची गरज नाही.

लोअरपरळी

आणि सभा बोलावायची लेखी मागणी विसरू नका, एक पंचमांश सभासदांच्या सह्या ठेवा फार तर.

मावळ_एक्सप्रेस

एक राहिलं, कॉलनीच्या तोंडाशी दुकानाचे गाळे असतील ना? त्यांना मतात धरणार की नाही? पाणी तेही वापरतात.

सीए_काकू

गाळेवाला सोसायटीचा सभासद असेल तर धरावाच लागेल, नसेल तर पाण्याचे पैसे घेताना त्याला कोणत्या सभेत बोलू देणार ते आधी ठरवा. आगाऊ_मुलगीचा मुद्दा तोच होता. पार्किंग मात्र इथे काढू नका कोणी, त्याला वेगळा धागा लागेल.